खिशात बाळगायला प्राचीन नाणं: टॉलेमीचं, रोमन की कुषाण?

रोज खिशात एखादं मोठं प्राचीन नाणं असावं आणि गाडीची वाट पाहताना ते अंगठ्याखाली फिरवावं, अशी ज्याला हौस आहे तो बहुधा सगळ्यात मोठ्या नाण्यावर बोट ठेवतो. मीही तसंच केलं होतं. काही वर्षं वेगवेगळी नाणी बाळगल्यावर माझं मत बदललं. ते का बदललं, ते निवड करण्याआधी वाचून घ्या.

या तिघांत सगळ्यात मोठं म्हणजे इजिप्तच्या टॉलेमी राजांचं कांस्य नाणं. टॉलेमी तिसरा (इ.स.पू. २४६ ते २२२) याचं मोठं नाणं साधारण ७० ग्रॅमचं असतं, रुंदी ४० मिलिमीटरच्या पुढे. आपलं दहा रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं. म्हणजे तशी नऊ नाणी एकावर एक ठेवून उचलावीत तेवढा हा भार. तळहातावर पडलं की पहिल्यांदा ते नाणं वाटतच नाही, वाण्याच्या तराजूतलं वजन वाटतं. एका बाजूला मेंढ्याची शिंगं असलेला झ्यूस-अमोन हा देव, दुसऱ्या बाजूला वज्रावर उभा गरुड आणि कडेने ग्रीक अक्षरांत ‘राजा टॉलेमीचं’. दोन्ही बाजूंना मधोमध एक छोटा खळगा असतो. बरेच अभ्यासक ती टांकसाळीत चकती घडवतानाची खूण मानतात. नवख्याला तो दोष वाटतो, पण अंगठ्याचं टोक त्यात इतकं नेमकं बसतं की हात आपोआप तिथेच जातो.

घरी टेबलाशी बसून हातात खेळवायला याच्यासारखं नाणं नाही. खिशात मात्र त्याचा जाच होतो. शर्टाचा खिसा लोंबतो, पँटच्या खिशात ठेवलं तर जिना चढताना मांडीवर आपटत राहतं. मोबाईल शेजारी ठेवायची तर सोयच नाही. आणि हातातून निसटून शहाबादी फरशीवर पडलं की कडेला पोचा ठरलेला. दोन हजार वर्षं टिकलेली कड माझ्या हातून अशी दुखावली, याचं मला आजही वाईट वाटतं.

रोमन सेस्टर्शियस याच्या निम्म्याहून हलकं. सम्राट ऑगस्टसने नाणेव्यवस्था नव्याने लावली त्यानंतरची ही नाणी सुमारे २५ ग्रॅमची, ३२ ते ३५ मिलिमीटर रुंद. जाणवावं एवढं वजन, पण विसरून चालता येईल एवढंच. मोठा फरक धातूचा आहे. हे पितळ आहे, तांबं आणि जस्त. जमिनीत राहून ते काळं-हिरवं होतं, पण रोज हात लागला की उंच भागांवरून हळूहळू पिवळी झाक वर येते. गालाचं हाड, नाक, कपाळ आधी उजळतं, अक्षरांच्या खाचा काळ्याच राहतात. चेहरा दर महिन्याला थोडा अधिक उठून दिसतो. टॉलेमीच्या कांस्यात हा बदल मला इतका जाणवला नाही.

घ्यायचं ते झिजलेलंच घ्या. ज्याची अक्षरं गेली आहेत, मागची देवी नुसती सावलीसारखी उरली आहे, असं नाणं संग्राहकाला नको असतं आणि चांगल्या नाण्याच्या मानाने फारच स्वस्त मिळतं. तरीही सम्राट हेड्रियनची दाढी किंवा सम्राट ट्रेजनचे कपाळावर उतरलेले केस ओळखू येतात. ठसठशीत छाप आणि एकसारखा हिरवा थर असलेलं नाणं खिशात घालणं मला अन्याय वाटतो. ते पेटीत राहू द्या.

तिसरा पर्याय आपल्या उपखंडातला, विम कदफिसेसचं तांब्याचं मोठं नाणं. एका बाजूला अग्निवेदीपाशी उभा कुषाण राजा, दुसरीकडे बैलासमोर उभा शिव. रुंदी जवळपास दहाच्या नाण्याएवढी, वजन मात्र सोळा-सतरा ग्रॅम, म्हणजे दुपटीहून जास्त. जीन्सच्या छोट्या खिशात ते सहज बसतं. ‘मोठं’ म्हणायला जरा कमी पडतं, पण नंदीची पाठ बोटाला लागते तेव्हा जी ओळख वाटते ती झ्यूसशी मला वाटली नाही.

कोल्हापूरच्या कुर राजांची धनुष्यबाण असलेली नाणी महाराष्ट्रातली म्हणून मोह घालतात. ती शिशाची आहेत. शिसं हाताला लागतं, हातावरून तोंडात जातं. ती खिशात नकोच, सातवाहनांची शिशाची नाणीही नकोत.

आपल्याकडे तांबं-पितळ दिसलं की चिंचेला हात जातो. नाण्याला चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावू नका, थर जातो आणि धातू उघडा पडतो. घामातलं मीठ आणि पावसाळी दमट हवा हे खरे शत्रू. रात्री कोरड्या सुती कापडाने पुसून ठेवा. फिकट हिरवी भुकटी दिसली, नखाने खरवडली तर सुटते आणि खाली खड्डा आहे, असं असेल तर तो धातूला लागलेला रोग आहे. नाणं इतरांपासून वेगळं करा, पाणी बदलत काही आठवडे डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पूर्ण वाळवा आणि पुन्हा खिशात घालू नका. किल्ल्यांबरोबर तर कुठलंच नाणं ठेवू नये.

कायद्याच्या दोन गोष्टी. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. ‘खिशात होतं, विसरलो’ हे विमानतळावर चालत नाही, म्हणून परदेशी निघताना ते घरीच ठेवा. आणि शेतात नांगरताना सापडलेलं नाणं खिशात घालायचं नसतं. १८७८ च्या निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचा निधी, म्हणजे जमिनीत दडलेलं धन, सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

एकच घ्यायचं असेल तर झिजलेलं सेस्टर्शियस घ्या. हात मोठा असेल, काम बैठं असेल, तर टॉलेमीचं घ्या आणि टेबलाच्या खणात ठेवा. पहिल्यांदाच घेत असाल आणि ही सवय आपल्याला लागेल की नाही हे ठाऊक नसेल, तर विमच्या नाण्यापासून सुरुवात करा.