गॅस अलार्म, दुकानाचा सायरन आणि माझे ३४,८५० रुपये

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. घरचा गॅस अलार्म ४,८५०, दुकानाचा चोरीचा अलार्म २१,०००, त्याच्या तीन वर्षांच्या 'कंट्रोल रूम'चे ९,०००. एकूण ३४,८५०. बायको म्हणते लिहू नका, लोक हसतील. हसू देत. आमच्या विंगमधल्या सहा घरांनी त्याच माणसाकडून तेच यंत्र घेतलंय, आणि आता लिफ्टमध्ये भेटलो की सगळे पावसापाण्याबद्दल बोलतात.

माणूस कसा येतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. गळ्यात ओळखपत्र, हातात यादी, 'गॅस एजन्सीकडून तपासणीला आलोय'. यादीत माझं नाव आणि ग्राहक क्रमांक अचूक होता, म्हणून मी दार उघडलं. हा क्रमांक सिलिंडरच्या प्रत्येक पावतीवर छापलेला असतो आणि त्या पावत्या आपण रद्दीत घालतो, हे डोक्यात यायला दीड महिना लागला. त्याने शेगडी पुढे ओढली, नळीवर हात फिरवला, तिच्यावर 'तपासले' असं हिरवं स्टिकर चिकटवलं आणि बॅगेतून गॅस अलार्मची पांढरी डबी काढली. म्हणाला, हे आता सक्तीचं झालंय, नाही बसवलं तर पुढचं बुकिंग अडकेल.

मी बावळट नाही. एकोणीस वर्षं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान चालवतोय, खोटी नोट बोटाला कळते. पण घरात आई आहे, वय ७६, दूध ठेवते आणि विसरते. त्याच आठवड्यात सिलिंडरच्या स्फोटाचा कुठला तरी व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर तीनदा आला होता. आणि शेजारच्यांनी बसवून घेतलं होतं, त्यांच्याकडून ड्रिलचा आवाज येतच होता. अशा वेळी कोण नाही म्हणेल? तुम्ही म्हणाला असता? बरं.

आता तो क्षण. डबी त्याने चिमणीच्या वरच्या प्लगपाशी बसवली, म्हणजे जमिनीपासून सात फुटांवर. खिशातून लायटर काढला, न पेटवता नुसता गॅस सोडत डबीपुढे धरला. डबी अशी किंचाळली की आईने कान झाकले. सगळे खूश. तेवढ्यात नववीतली मुलगी पाण्याची बाटली भरायला आली आणि वर बघून म्हणाली, "बाबा, एलपीजी हवेपेक्षा जड असतो ना? तो खाली साठेल. मग हे वर कशाला?"

माणूस हसला. "ताई हुशार आहे. पण गरम हवा वर जाते की नाही?"

आणि मी, तिचा बाप, म्हणालो, "तू अभ्यासाला बस."

हे तीन शब्द मला अजून रात्री ऐकू येतात. प्रश्न बरोबर होता, उत्तर चुकीचं होतं आणि ते चुकीचं आहे हे कळण्याइतकं शिक्षण माझं झालंय. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन, दोन्ही हवेपेक्षा जड. गळला की पाण्यासारखा फरशीवर पसरतो, ओट्याखालच्या कपाटात बसतो. त्याचा अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर लागतो. वर, छताजवळ लागतो तो पाइपने येणाऱ्या गॅसचा, कारण तो मिथेन, हवेपेक्षा हलका. ज्या घरात जो गॅस त्याप्रमाणे जागा, एवढंच साधं आहे. त्या माणसाला हे नक्की माहीत होतं. पण खाली बसवायचं तर प्लग नाही, वायर ओढावी लागते, टाइल फोडावी लागते, एका घराला अर्धा दिवस जातो. वरच्या प्लगला दहा मिनिटं. त्याला दिवसात सहा घरं करायची होती.

मी ४,८५० त्याच्या क्यूआरवर भरले. स्क्रीनवर एजन्सीचं नाव आलं नाही, कुणा बाईचं आलं. मी विचारलं. "अकाउंटवाल्या मॅडम आहेत." ठीक आहे म्हटलं. हेही लिहून ठेवा, पैसे ज्याच्या नावाने जातात तोच तुमचा दुकानदार, गळ्यातलं कार्ड नव्हे.

दुकानाचं मीच ओढवून घेतलं. त्याच महिन्यात आमच्या गल्लीत दोन शटर उचकटली होती. मीच त्याला विचारलं, दुकानासाठी काही करता का? करतो की. दुसऱ्या दिवशी हजर. एक पॅनेल, शटरला चुंबकाचा सेन्सर, आत माणसाची हालचाल टिपणारे दोन सेन्सर, बाहेर सायरन. शटर उचललं की सायरन वाजणार आणि पाच सेकंदांत कंट्रोल रूममधून माझ्या मोबाइलवर फोन. बिल मागितलं तर म्हणाला, "साहेब, पक्कं बिल म्हणजे १८ टक्के वाढतील." ३०,००० वर ५,४००. ते वाचवायला मी कच्ची पावती घेतली. या एका हावरटपणाने पुढे काय झालं ते सांगतोच.

पॅनेलचा डबा भिंतीवर लावताना मी स्वतः खालून धरून उभा होतो. हलका होता. हे मला तेव्हाच जाणवलं होतं, शपथेवर सांगतो. माझ्या दुकानात संगणकाचे तीन यूपीएस आहेत, त्यांच्या बॅटऱ्या मी हाताने बदलतो. बारा व्होल्ट सात अँपिअरची ती काळी वीट दोन किलोच्या वर भरते. वीज गेल्यावर चालणाऱ्या पॅनेलमध्ये तसलीच बॅटरी असते. हा डबा रिकाम्या टिफिनसारखा होता. मी मनात म्हटलं, आता लिथियमची निघाली असेल.

चाचणी झाली. शटर उचललं, सायरन वाजला, फोन आला. "सर, कंट्रोल रूममधून बोलतोय, सगळं ठीक?" मला काय वाटलं सांगू? भारी वाटलं. शेजारच्या मेडिकलवाल्याला बोलावून पुन्हा करून दाखवलं.

४१ दिवस सुखात गेले.

बेचाळिसाव्या दिवशी पहाटे आई उठली आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडली, "गॅस!" तिच्या नाकाला दारात कळलं. डबी मात्र सात फुटांवर हिरवा दिवा लावून शांत. आईने बटणाला हात लावला नाही, आणि हेच तुम्हीही करा. दिवा लावू नका, लागलेला बंदही करू नका, अलार्मची पिनही ओढू नका, ठिणगी कशातूनही पडते. रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, सगळे बाहेर, मग बाहेरून १९०६ ला फोन. नळीला शेगडीच्या टोकाशी चीर गेली होती. बरोबर त्या हिरव्या स्टिकरखाली. नळीवर साल छापलेलं असतं, पाच वर्षांत बदलायची असते. माझी आठ वर्षांची निघाली. म्हणजे ज्याने 'तपासले' लिहिलं त्याने तेवढंही वाचलं नव्हतं. मीही नव्हतं, पण मी काही तपासायला चार हजार आठशे पन्नास घेतले नव्हते.

त्या दिवशी दुकानात गेलो आणि पॅनेल उघडलं. बॅटरीची जागा मोकळी, लाल-काळ्या वायरींच्या टोकांना चिकटपट्टी. सिमकार्डच्या खाचेत सिम नाही. म्हणजे तो पाच सेकंदांतला फोन बाहेर उभ्या असलेल्या कुणीतरी सायरन ऐकून केला होता. दोनपैकी एक सेन्सर खरा, तो काचेच्या शोकेसमागे बसवलेला. हे सेन्सर अंगाची उष्णता टिपतात आणि काचेतून त्यांना ती दिसत नाही. दुसरा उघडला तर आत फक्त लुकलुकणारा दिवा आणि दोन पेन्सिल सेल. चोराने मीटरपाशी फ्यूज काढला असता तर माझं सगळं २१,००० चं संरक्षण मुकं झालं असतं. चाचणी घ्यायची तर मेन स्विच बंद करून घ्या, आणि आलेल्या नंबरवर आपण उलट फोन करा. मी केला. बंद.

इथून पुढे खरा मनस्ताप.

गॅस एजन्सीच्या काउंटरवर म्हणाले, आमचा माणूस नव्हे. ओळखपत्रावर तुमचं नाव होतं. "त्याचा फोटो आहे?" नाही. "मग?" यादी बाहेर कशी गेली विचारलं तर म्हणे वरच्या ऑफिसला लिहा. एक मात्र तिथल्या पोऱ्याने हळूच सांगितलं, सिलिंडर हवा तर यंत्र घ्या अशी सक्ती खुद्द एजन्सीलाही करता येत नाही. हे आधी दारात कुणी सांगितलं असतं तर.

पोलीस ठाण्यात मी डबी पुरावा म्हणून घेऊन गेलो. ही माझी आणखी एक चूक. हवालदाराने ती टेबलाजवळच्या प्लगला लावली, जरा गरम होऊ दिली आणि स्वतःचा लायटर समोर धरला. डबी ठणाणा वाजली. अख्खं ठाणं वळून बघू लागलं. "काका, हे तर चालतंय. मग फसवणूक कसली?" मी एलपीजीचं वजन समजावायला लागलो. कागद मागितला, कागदावर चित्र काढलं, फरशी, ओटा, गॅस. मागच्या बाकावर भांडणाच्या केसमध्ये आलेला एक जण हसला. साहेब म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, ग्राहक न्यायालयात जा. मी म्हटलं, खोटी ओळख सांगून पैसे घेतले, बॅटरीच्या नावाने रिकामा डबा दिला, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचंच आहे ना? "कलमं आम्हाला शिकवू नका." दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला माझ्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळाला, तोही मी सव्वा तास उठलो नाही म्हणून. गुन्हा नोंदवायला बिल आणा म्हणाले. बिल! ५,४०० वाचवले होते ना मी.

बँकेत गेलो. क्यूआरवरच्या बाईचं खातं कुणाचं ते सांगा. पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात गुन्हा नाही तर पत्र नाही. गुन्ह्यासाठी आरोपीचं नाव-पत्ता आणा. तो बँकेकडे आहे. बँक म्हणते पत्र आणा. या वर्तुळात मी नऊ चकरा मारल्या, दुकान बंद ठेवून. वर बँकेतला पोरगा सांगतो, "सर, पिन तर तुम्हीच टाकलात." हो बाबा, मीच टाकला. बंदूक लावून घेतले असते तर पत्र मिळालं असतं का?

ग्राहक आयोगाची माहिती काढली. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही, चांगली सोय आहे. पण समोरच्याचा पत्ता हवा. कच्च्या पावतीवरच्या पत्त्यावर जाऊन आलो. 'दुसरा मजला' लिहिलंय, इमारत एकमजली आहे. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत त्याचं नाव आणि मोबाइल आहे, नाव वाचता येत नाही आणि मोबाइल तोच बंद नंबर. सेक्रेटरी म्हणतात पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ. त्यांच्याही घरी डबी आहे, म्हणून विषय येणार नाही.

पैसे असे ऑनलाइन गेले आणि लगेच संशय आला तर १९३० ला ताबडतोब फोन करा, समोरचं खातं गोठण्याची निदान शक्यता असते. माझा पहिला संशय ४२ व्या दिवशी. तोवर खात्यात काय राहणार? वस्तू आणि बिलाचा वाद असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि अलार्मवरचं 'टेस्ट' बटण दाबून समाधान मानू नका, बऱ्याच डब्यांत ते फक्त भोंगा वाजतो की नाही एवढंच सांगतं, सेन्सरला गॅस कळतो की नाही ते नाही.

माझ्या डबीसारखी डबी ऑनलाइन ९५० ला मिळते. तीच कंपनी, तोच रंग. म्हणून यंत्रं वाईट असं मी म्हणत नाही. नळी बदलली, एक्स्टेन्शन ओढलं आणि मुलीने डबी ओट्याखाली, जमिनीपासून मोजून ३० सेंटिमीटरवर लावली. मोजताना माझ्याकडे बघितलं नाही. दुकानाच्या पॅनेलमध्ये यूपीएसची जुनी बॅटरी आणि स्वतःचं सिम घातलं, आता फोन थेट मला येतो. कंट्रोल रूम मीच.

विंगमधल्या बाकीच्या पाच घरी जाऊन सांगून आलो की डबी खाली घ्या. दोघांनी घेतली. एकाने दारातच विचारलं, "तुम्हाला काय कमिशन?" उरलेल्या दोन घरांत ती अजून सात फुटांवर आहे. हिरवा दिवा लागतोय की, असू दे म्हणाले.