जुन्या स्पोर्ट्स कारचा क्लच : दहा महिन्यांनंतर

क्लचचं काम करून दहा महिने आणि साधारण 6,000 किलोमीटर झाले, आता लिहायला हरकत नाही. गाडी दोन सीटची, पाच गिअरची, 1990 च्या दशकातली. बाबांनी हौसेने घेतली, त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली. आठवड्यातून तीनदा फोंडा-पणजी आणि जमेल तेव्हा पहाटे चोर्ला घाट, एवढा तिचा वापर.

त्रासाची सुरुवात रिव्हर्सपासून झाली. सकाळी अंगणातून गाडी काढताना रिव्हर्स टाकला की खर्रर्र. क्लचचं पेडल दोन-तीनदा भराभर मारलं की तोच गिअर निमूट पडायचा. दोष पेडलचा जोर क्लचपर्यंत पोचवणाऱ्या ऑइलच्या भागात असल्याची खरी खूण हीच होती, पण तेव्हा मला ती कळली नाही. एका गॅरेजमध्ये क्लचची ‘प्लेट गेली’ म्हणून सांगितलं. गिअरबॉक्स उतरवून प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग, सगळं नवं घातलं. तीन आठवड्यांत पुन्हा खर्रर्र! जुनी प्लेट मी मागून आणली होती. तिच्यावर अजून भरपूर अस्तर शिल्लक होतं. ते पाहून जीव फार हळहळला.

प्लेट झिजली की क्लच घसरतो. चढावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला तर इंजिनाचा आवाज चढतो, वेग वाढत नाही, करपल्याचा वास येतो. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडायचे, चालू केलं की अडायचे. म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही प्लेट इंजिनाच्या फिरत्या चाकापासून, म्हणजे फ्लायव्हीलपासून, सुटत नव्हती.

हे मला मडगावच्या एका वयस्कर मेस्त्रींनी दाखवलं. पाना हातात घेण्याआधी त्यांनी मला पेडल दाबायला बसवलं आणि स्वतः गाडीखाली गेले. ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलेंडरचा दांडा जेमतेम 8 मिलिमीटर सरकत होता. त्याची रबरी टोपी सोलली तर आत ओल. मग मला खाली बोलावून म्हणाले, “बाय, हा पाइप धर.” त्यांनी पेडल दाबलं तसा जुना रबरी पाइप माझ्या मुठीत फुगला. पायाचा अर्धा जोर तिथेच जिरत होता! वरच्या डबीतलं ऑइल तर कोऱ्या चहासारखं काळं.

हे ऑइल म्हणजे ब्रेकचंच. ते हवेतली ओल ओढून घेतं. डॉट 4 हा त्याचा एक दर्जा; कोरड्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, ओल मुरल्यावरची मर्यादा 155. गोव्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खारी हवा, मग सिलेंडर आतून गंजणार आणि सील कापले जाणारच. पेडलकडचा मास्टर आणि क्लचकडचा स्लेव्ह असे दोन्ही सिलेंडर, न फुगणारा जाळीचा पाइप, नवं डॉट 4, आणि ऑइलमधून शांतपणे काढलेली हवा, एवढ्यावर काम झालं. दांडा आता 13 मिलिमीटर सरकतो. डॉट 5 मात्र यात चुकूनही मिसळू नका, ते सिलिकॉनचं असतं.

एप्रिलच्या दुपारी पर्वरीच्या रांगेत पाऊण तास पहिला-दुसरा करत काढला, पेडल एकदाही खाली बसलं नाही. पूर्वी अशा वेळी मी घाबरून न्यूट्रलमध्येच राहायचे.

जुलैत वेगळंच झालं. पंधरा दिवस गाडी उभी होती. परत आले तर पेडल घट्ट, पण इंजिन चालू असताना एकही गिअर पडेना. या वेळी ऑइलचा दोष नव्हता, प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती. मेस्त्रींच्या सांगण्यावरून इंजिन गरम करून बंद केलं, समोर मोकळं मैदान बघून पहिला गिअर टाकला, क्लच दाबून धरून स्टार्टर मारला आणि अॅक्सिलरेटर सोड-दाब करत राहिले. तिसऱ्या हिसक्याला प्लेट सुटली. मागेपुढे माणूस असताना हे करू नये. तेव्हापासून पावसाळ्यात दर चार दिवसांनी इंजिन सुरू करून क्लच दहा-बारा वेळा दाबते.

एक कुरबुर उरली आहे. पेडल दाबलं की बारीक घरघर येते, सोडलं की थांबते. तो आवाज त्या पहिल्या गॅरेजने घातलेल्या रिलीज बेअरिंगचा. उलट असतं, न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर आवाज आणि दाबल्यावर शांत, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर संशय घेतला असता. दिवाळीनंतर रिलीज बेअरिंग बदलायचं ठरलंय. डबीतलं ऑइल परवाच पाहिलं, अजून मधाच्या रंगाचं आहे.