जनरल नॉलेजच्या पत्त्यांचा डबा: घेतला लेकरांसाठी, सोडंनात मोठी माणसं

पाचपैकी साडेतीन स्टार. जे दीड कापलेत त्यातला एक खोट्या पत्त्यांचा आन् अर्धा कागदाचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहित नाही, असले डबे आता बऱ्याच जणांचे निघालेत आन् माल सगळ्यांचा जवळपास सारखाच दिसतो. पत्त्याच्या एका अंगाला प्रश्न, पाठीमागं उत्तर, विज्ञान, इतिहास, प्राणी आन् सिनेमा-बिनेमा असे चार रंग. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात साडेचारशेला मिळाला, ऑनलाईन थोडा स्वस्त दिसत होता पण असली वस्तू हातात घेऊन बघितल्याशिवाय आपल्याला पटत नाही.

आधी कागदाचं उरकून टाकतो. पातळ आहे. हुरड्याला शेतात नेला होता, आता तिथं आगटीभोवती बसल्यावर हात काळे होणारच, वरून शेंगदाण्याची चटणी, तर दुपारपर्यंत निम्म्या पत्त्यांवर बोटांचे ठसे आन् कोपरे दुमडलेले. वरून प्लास्टिकचा एक पातळ थर दिला असता तर पुसून तरी घेता आले असते. उत्तराचे अक्षर पण इतके बारीक की मामांना चष्मा कपाळावर सरकवून पत्ता नाकाला लावून वाचावा लागला.

आता माल. प्राण्यांचे पत्ते सगळ्यात भारी, यात वादच नाही. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण या पत्त्यावर पुढचं पण दिलंय की दोन हृदयं नुसती कल्ल्यांकडं रक्त ढकलतात, तिसरं बाकीच्या अंगाला, आन् पोहताना ते तिसरं थांबतं म्हणून गडी पोहण्यापेक्षा सरपटणं पसंत करतो. रक्त निळं, कारण आपल्यासारखं लोखंड नाही, तांबं असतं त्यात. हा एक पत्ता निघाला आन् अर्धा तास गेला, लेकरांचे प्रश्नच संपेनात. पण वॉम्बॅटचा, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एका गुबगुबीत प्राण्याचा, पत्ता बघा. प्रश्न, कोणता प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो? उत्तर, वॉम्बॅट. बस. आवं पण काहून? ते कोण सांगणार? लेकरं हसून हसून लोळली आन् लगेच विचारलं की बूड चौकोनी असतं का त्याचं, तर आता मोबाईलमध्ये शोधणं आलं, म्हणजे ज्यापासून लांब ठेवायला डबा घेतला तेच पुन्हा हातात. कारण असं की त्याच्या आतड्याची भिंत सगळीकडं सारखी ताणत नाही, कुठं ताठ कुठं सैल, त्यामुळं शेवटच्या टप्प्यात लेंडी सुकत सुकत चौकोनी आकार धरते, आन् या संशोधनाला 2019 साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आन् मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, पण मिळालं. एवढं दोन ओळीत मावलं असतं राव! माझी अजून एक तक्रार हीच आहे, ज्या पत्त्यावर ‘का’ दिलंय तो पत्ता चालतो, ज्यावर नुसतं नाव दिलंय तो वाचला की मेला.

फ्लेमिंगोचा बरा आहे. पिल्लू राखाडी असतं, शेवाळं आन् बारके झिंगे खाऊन खाऊन गुलाबी होतं, खाणं बदललं तर रंग उतरतो. पैठणच्या नाथसागर धरणावर हिवाळ्यात हे पक्षी येतात ते बघितलेली पोरं होती आमच्यात, त्यांनी लगेच कॉलर ताठ केली.

इतिहासात इजिप्तच्या राणीचा, क्लिओपात्राचा पत्ता एक नंबर. ती बाई गिझाच्या मोठ्या पिरॅमिडपेक्षा चंद्रावर माणूस उतरला त्या काळाला जास्त जवळची. कोणी मानायलाच तयार होईना. मामा रिटायर्ड गुरुजी, त्यांनी काडी घेतली आन् मातीतच गणित मांडलं, पिरॅमिड इसवीसनपूर्व 2560 च्या आसपास, बाईचा जन्म इसवीसनपूर्व 69, म्हणजे मधी अडीच हजार वर्षं, आन् ती वारली इसवीसनपूर्व 30 ला, तिथून 1969 पर्यंत दोन हजारच्या आतबाहेर. सगळे गप. मग मामा स्वतःच म्हणाले, ‘मी तीस वर्षं शिकवलं पण हे असं कधी लावून बघितलं नाही.’

सिनेमाचे पत्ते बहुतेक हॉलिवूडचे, ते आमच्याकडं कोणी धरले नाहीत. पण एक निघाला, फाळक्यांच्या 1913 च्या राजा हरिश्चंद्रमध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके मूळचे हॉटेलात काम करणारे, आन् पुढं 1917 च्या लंका दहनमध्ये राम पण तेच, सीता पण तेच! आई हुरडा चोळता चोळता म्हणाली, मग रावणानं पळवलं कोणाला. असले अजून पाहिजे होते.

आता खोटे पत्ते. चंद्रावरून चीनची भिंत दिसते, हे अजून छापतेत! चंद्र पावणेचार लाख किलोमीटरच्या वर, भिंतीची रुंदी काही मीटर, कसं दिसणार? चीनचाच पहिला अंतराळवीर यांग लिवेई 2003 मध्ये जाऊन आला, तो तर चंद्राच्या कितीतरी अलीकडं होता, तरी म्हणाला मला काही दिसली नाही. गोल्डफिशची आठवण तीन सेकंदांची, हे पण चूक, मासे शिकवलेलं महिनोन्महिने लक्षात ठेवतात. आन् आईन्स्टाईन गणितात नापास, ही तर नापास पोरांची लाडकी थाप. पंधरा वर्षांचा व्हायच्या आत त्यानं कॅल्क्युलससारखं वरच्या वर्गातलं अवघड गणित शिकून ठेवलं होतं. स्पर्धा परीक्षा करणारी पोरं असले पत्ते पाठ करून बसली तर घ्या.

अजून एक खटकलं ते सांगतोच. इटलीतल्या पॉम्पेईचा पत्ता आहे, इसवीसन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलेलं शहर, ठीक. पण त्याच पॉम्पेईत 1938 मध्ये हस्तिदंताची एक भारतीय बाई सापडली, वीतभरापेक्षा थोडी उंच, अंगावर दागिनेच दागिने, आन् तिच्यासारखीच हस्तिदंती मूर्ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडलीय हे कुठं नाही. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणहून गोमेद आन् तगरहून कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचं, तिथून जहाजानं पुढं रोमच्या बाजारात. म्हणजे आपल्या रस्त्यांची तक्रार फार जुनी असणार. तेरचं म्युझियम गावातच आहे, बघून या, पण हा पत्ता डब्यात असता तर आमच्या लेकरांनी उशाला घेऊन झोपला असता. वेरूळचा पण एकच आहे, कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं एवढंच लिहून सोडून दिलंय. ज्या कारागिराला पहिल्याच घावाला कळसाची जागा ठरवावी लागली त्याच्यावर चार पत्ते निघाले असते की.

घ्यायचा का? घरात आठ ते चौदा वयाची लेकरं असतील आन् सोबत एखादा वाद घालणारा म्हातारा माणूस असेल तर डोळे झाकून घ्या. एकट्या पोराला देऊन तो शांत बसेल म्हणून घेत असाल तर नका घेऊ, दुसऱ्या दिवशी कपाटावर जाईल. आन् दुकानदाराला सील फोडून दाखव म्हणा, आमच्या डब्यात एक पत्ता दोनदा आला होता, तो पण नेमका चीनच्या भिंतीचा.