दारूसाठी सीबीटी : पाऊण वर्षानंतरचं मत

सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि सवयी ओळखून बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत. आता थेट मुद्द्यावर येतो. ५० मिनिटांचे १२०० रुपये. त्यातली पहिली दहा मिनिटं "कसा गेला आठवडा?" यातच जायची. मी मनात हिशेब करायचो, गेले २४० रुपये.

आणि तो तक्ता! प्यावंसं वाटलं की लिहायचं: कुठे होतो, सोबत कोण, डोक्यात काय आलं, ओढ दहापैकी किती, मग काय केलं. झेरॉक्स इतकी फिकट की रेघा दिसत नाहीत, आणि रकाना इतका अरुंद की 'मेव्हण्याचा फोन आला' एवढंही मावत नाही. बाराशे घेता, तर नीट छापा की! सुरुवातीला मी यावरूनच भांडत होतो. शेवटी लाँगबुक आणून स्वतःच रेघा मारल्या.

मत फिरलं ते त्या वहीमुळे. आपण टेन्शनमुळे पितो अशी माझी ठाम समजूत, बायकोचीही तीच. वही भलतंच सांगत होती. साहेब ओरडले त्या दिवशी ओढ तीन-चार. इन्सेंटिव्ह जमा झाला की थेट नऊ! शेजारच्या रकान्यात दर वेळी एकच वाक्य, 'आज हक्क आहे आपला.' समुपदेशक मॅडमनी नेमकं तेच धरलं. उपदेश नाही. पैसे आले त्या संध्याकाळी कुठे जायचं, 'एकच घे रे' म्हणणाऱ्याला काय सांगायचं, याची चक्क तालीम. ओढ चढते तशी अर्ध्या तासात उतरते म्हणाल्या, तेव्हा थाप वाटली होती. घड्याळ लावून पाहिलं, बहुतेक वेळा खरं निघालं.

चुलतभावाच्या हळदीला घेतली. अशा वेळी 'आता गेलंच सगळं, मग होऊ दे' हा विचारच पहिल्या पेगपेक्षा महाग पडतो. मार्लाट आणि गॉर्डन या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ सालीच हे मांडलंय. मॅडमनी त्या रात्रीच्या ओळी वहीत भरायला लावल्या, बस.

रोज भरपूर पिणाऱ्यांनी मात्र नुसत्या बोलण्यावर विसंबून एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. आधी डॉक्टर, मग तक्ता. पैशांची अडचण असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलंय, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच नाही. पावत्या नुसत्या फायलीत.

आता महिन्यातून एकदाच जातो. क्लिनिकने तक्ता ॲपवर नेलाय, तोही इंग्रजीत, वर्गणी वेगळी. मी नाही घेतलं. लाँगबुकात अजून निम्मी पानं कोरी आहेत.