झोन ऑफिसचा रिव्ह्यू : ५ पैकी ३ स्टार, त्यातला दीड जेईचा

कोणतं झोन ते नाही सांगत, नागपूर महापालिकेच्या १० पैकी एक समजा. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं गडर लाईनचं चेंबर भरून वाहायला लागलं, घाण पाणी थेट फाटकापर्यंत, आई दार उघडायला तयार नाही, मग मी हाफ डे टाकून झोन ऑफिस गाठलं आणि त्यानंतर अजून चार चकरा झाल्या. म्हणजे रिव्ह्यू लिहायचा हक्क मिळाला म्हणायला हरकत नाही.

आधी चांगलं. घरून गाडीवर ८ मिनिटं, सिव्हिल लाईन्सच्या मुख्य ऑफिसला जायची गरज नाही. टॅक्स, जन्मदाखला, तक्रार, सगळं एकाच बिल्डिंगमध्ये. तक्रारीच्या खिडकीवरच्या बाई नीट बोलल्या, पावती दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी जेई (ज्युनिअर इंजिनिअर) साहेब स्वतः हजर, माणसाकडून सब्बलीनं झाकण उचलवलं, संध्याकाळपर्यंत लाईन मोकळी. मी तर गल्लीच्या ग्रुपवर फोटोसकट कौतुक टाकलं बावा.

आठ दिवसांत परत तेच. साहेब पुन्हा आले, म्हणाले, "भाऊ, चोक नाही हे, आतला पाइपच बसला आहे. साफ करणं माझ्या हातात, बदलणं नाही." इस्टिमेट बनवायचं, फाइल वर पाठवायची, मंजुरी, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर. तिथून पुढच्या चारही चकरांत एकच उत्तर, "फाइल वर गेली आहे." आता वर म्हणजे कुठं, ते खाली कोणालाच माहीत नाही. झाडू आणि बांबू खाली आले, सही वरच राहिली.

घरी येऊन चिडून वाचायला बसलो (वकील मित्राला पण त्रास दिला). १९९३ पासून शहरांच्या कारभाराची ७४ वी घटनादुरुस्ती लागू आहे, घटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ कामं लिहून ठेवली आहेत, पाणी, रस्ते, स्वच्छता सगळं. कामं लिहिली पण पैशाचं काय? नागपुरात पहिले जकात (शहरात येणाऱ्या मालावरचा कर) होती, नाक्यावर ट्रकच्या रांगा लागायच्या, पण तो पैसा शहराचा स्वतःचा होता. २०१३ ला जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, व्यापाऱ्यांनी बोंब मारली, २०१५ ला तीही बहुतेकांची माफ, मग २०१७ ला जीएसटी, आणि आता राज्य सरकारकडून नुकसानभरपाईचं अनुदान येते. ज्याचा खिसा दुसऱ्याच्या हातात, तो माझा पाइप कशानं बदलेल.

काही लोक म्हणतात नगरसेवकाला धरायचं. कोणाला? २०१७ ला ३८ प्रभाग, १५१ नगरसेवक, जवळपास प्रत्येक प्रभागात चार जण, त्यामुळे गडर कोणाची हे चौघं एकमेकांना विचारत. आणि माझं चेंबर भरलं तेव्हा तर तेही नव्हते, मार्च २०२२ ला मुदत संपली आणि प्रशासक बसला. नगरसेवकच नव्हते म्हणजे झोनचा सभापतीही नव्हता. खिडकी उघडी, पण जाब विचारायचा कोणाला?

आमच्या मामाचं गाव काटोलकडे. तिथं १५ व्या वित्त आयोगाचा (केंद्राकडून मिळणारा) पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात यायचा, आपल्या राज्यात त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीचा होता, बाकी पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत अर्धा अर्धा. नालीचं काम ग्रामसभेत निघालं, आराखड्यात बसलं, पुढच्या दिवाळीच्या आत नाली झाली. मी मामाला म्हटलं, तुमच्याकडे भारी आहे राव. मामा हसले. म्हणे नाली कुठून सुरू झाली ते पाहून ये. पाहिली. मोठ्या घरांच्या पुढून सुरू आणि शेवटच्या वस्तीच्या अलीकडे पन्नास पावलांवर बंद, म्हणजे सगळ्यांचं पाणी जाऊन त्या लोकांच्या दारात साचून राहिलं. ग्रामसभेला त्या वस्तीतले कमीच, काहून की दुपारची वेळ, मजुरी बुडते. हे मात्र माझ्या डोक्यात नव्हतं, मी आपला पैसा खाली आला की झालं असं धरून चाललो होतो. आता वाटते सभा रात्री ८ ला घेतली असती तरी नाली पन्नास पावलं पुढं गेली असती.

तर स्टार. जवळ असण्याचा एक, बाईंच्या वागण्याचा अर्धा, जेई साहेबांचे दीड. दोन कापले, ते त्या ऑफिसचे नाहीत, वरच्या सहीचे आहेत, पण वरच्या ऑफिसला रिव्ह्यू टाकायची सोय कुठं आहे.

पाइप बदलला, पण पुढच्या उन्हाळ्यात. तोवर जेई साहेब दर पंधरा दिवसांनी बांबू घेऊन माणूस पाठवत होते.

जाणार असाल तर ११ नंतर जा, त्याआधी खुर्च्या रिकाम्या. तक्रारीची पावती मागूनच घ्या. पार्किंग नाही, गाडी समोरच्या तर्रीपोह्याच्या ठेल्याला लावा, फक्त एक प्लेट घ्यावी लागते, आणि तर्रीला खरंच ५ पैकी ५.