पहाटेचा तासभर व्यायाम की रात्रीची शतपावली?

पहाटे पाचचा गजर लावून तासभर व्यायाम करायचा, की रोज रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं शतपावली? जमला तर तासाचा फायदा मोठाच: दम वाढतो, स्नायू बळकट होतात. पण त्यासाठी झोपेची वेळच बदलावी लागते, आणि घरी पाहुणे आले की घडी विस्कटते.

शतपावलीला जेवणाचा आधार आहे. ताट उचललं, हात धुतले, चपला घातल्या; वेगळी आठवण लागत नाही. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून जेवणानंतर ती कमी चढते. मधुमेह घरोघरी पोचलेला असताना मला हे फार मोलाचं वाटतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला, तेव्हा नवी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. व्यायामाची सवय लागायला पाणी पिण्याच्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून मात्र फारसं बिघडलं नाही.

अर्थात पंधरा मिनिटांनी आठवड्याची १०५च होतात. जागतिक आरोग्य संघटना किमान १५० सांगते, तीही भरभर चालून. तरी सुरुवात शतपावलीनंच करावी, असं माझं मत. ती मुरली की सकाळचे सूर्यनमस्कार जोडता येतात.