अमेरिकी कॉलेज फुटबॉल: कोणत्या क्रमवारीवर भरवसा ठेवावा?

अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात १३० हून अधिक संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२ सामने येतात. बहुतेक संघांची एकमेकांशी गाठच पडत नसल्याने जे मैदानावर ठरत नाही ते मतांनी ठरवले जाते. तिथे शिकणाऱ्या मुलांमुळे या खेळाकडे वळलेल्या मराठी पालकांसमोर तीन क्रमवाऱ्या येतात: पत्रकारांची, प्रशिक्षकांची आणि प्लेऑफच्या, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या, निवड समितीची.

असोसिएटेड प्रेसचे पत्रकार-मतदान १९३६ पासून चालू आहे. साठेक पत्रकार व समालोचक दर आठवड्याला आपापले २५ संघ लावतात. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असे उतरत्या क्रमाने गुण मिळतात. प्रत्येकाची मतपत्रिका जाहीर होत असल्याने अवाजवी क्रम लावणाऱ्याला जाब विचारता येतो, आणि हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. खोट आहे ती सुरुवातीलाच, कारण एकही सामना होण्यापूर्वी पहिली यादी निघते आणि त्यानंतर जिंकत राहणाऱ्या संघाला खाली आणायला मतदार सहसा धजत नाहीत. २००४ मध्ये हंगामापूर्वीच्या यादीत सदर्न कॅलिफोर्निया पहिला, ओक्लाहोमा दुसरा आणि ऑबर्न सतरावा होता. विजेतेपदाच्या लढतीपर्यंत तिघांनीही एकही सामना गमावला नाही, तरी ती पहिल्या दोघांतच झाली. तीत ओक्लाहोमा ५५–१९ असा हरला. ऑबर्नने मात्र आपला शुगर बोल हा हंगामानंतरचा मानाचा सामनाही जिंकून १३–० अशी कामगिरी केली आणि तरीही त्याला दुसऱ्या स्थानावरच समाधान मानावे लागले. त्या काळी पत्रकारांची मते विजेतेपदाची लढत कोणात व्हावी हे ठरवणाऱ्या सूत्रात धरली जात. त्याच हंगामानंतर असोसिएटेड प्रेसने त्यातून अंग काढून घेतले.

प्रशिक्षकांचे मतदान १९५० पासूनचे. खेळाची जाण त्यांना अधिक, हे खरे. पण शनिवारी स्वतःच्या सामन्यात गुंतलेला माणूस इतरांचे सामने कधी पाहणार? शिवाय त्याच्या मतात त्याच्याच संघाचे हित गुंतलेले असते, आणि नियमित हंगामाअखेरची मतपत्रिका तेवढी जाहीर होते. तिघांत माझा सर्वांत कमी विश्वास या यादीवर आहे.

निवड समिती २०१४ च्या हंगामापासून काम करते. तिचे १३ सदस्य निम्मा हंगाम उलटल्यावरच पहिली यादी काढतात, प्रतिस्पर्ध्यांची ताकद व आपसांतले निकाल तपासतात आणि स्वतःच्या संस्थेचा विषय निघाला की मतदानातून बाजूला होतात. मात्र कोणी कोणाला मत दिले, हे बाहेर येत नाही. २०२३ मध्ये १३–० अशी कामगिरी करून आपल्या परिषदेचे, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या संघांच्या गटाचे, विजेतेपद मिळवणाऱ्या फ्लोरिडा स्टेटला समितीने पाचवे ठेवले आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला चौथी, म्हणजे शेवटची जागा दिली. फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी झाल्याचे कारण नियमात बसत होते, पण जिंकलेल्या सामन्यांपेक्षा पुढच्या अंदाजाला अधिक वजन देणे मला अन्यायाचे वाटते. २०२४ पासून प्लेऑफमध्ये १२ संघ असल्याने अपराजित परिषद-विजेता बाहेर राहण्याची शक्यता बरीच कमी झाली, इतकाच दिलासा.

प्लेऑफमध्ये कोण जाणार, हे पाहायचे असेल तर समितीचीच यादी पाहावी, कारण निर्णय तीच घेते. आठवड्याला कोणता सामना पाहावा, हे ठरवायला पत्रकारांची यादी पुरेशी आहे. मात्र ऑक्टोबर उजाडेपर्यंत तिच्यातल्या क्रमांकांपेक्षा कोणी कोणाला आणि कोणाच्या मैदानावर हरवले, याकडे अधिक लक्ष द्यावे.